इंजिनाची गंगाजळी

मोटारीच्या दुनियेत अलीकडे एक नव्या तऱ्हेचा कारागीर उदयास आला आहे. त्याच्या हाती पाना नसतो, पक्कड नसते. कपड्यांना तेलाचा डागही लागत नाही. चालकाच्या पायांपाशी, डॅशबोर्डच्या खाली असलेल्या एका खोबणीत तो आपल्या संगणकाची तार जोडतो, काही आकडे बदलतो, आणि काल ३४० अश्वशक्तीची असलेली गाडी आज ४०० च्या घरात गेली, असे मालकास सांगतो. बॉनेट उघडण्याचीही गरज पडत नाही. हौशी मंडळी या क्रियेला ‘ट्यूनिंग’ अथवा ‘रिमॅप’ म्हणतात.

श्रोतेहो, ही जादू नव्हे आणि पुष्कळदा ही थापही नसते. गाडीचा जोर खरोखरच वाढतो. मग प्रश्न असा की, ही वाढीव शक्ती आली कोठून? ती इंजिनात आधीपासूनच होती, तर ज्याने ते इंजिन घडविले त्यानेच ती हातची राखून का ठेवली? या प्रश्नाचे उत्तर समजावून घेतल्यावाचून खिशात हात घालू नये, एवढेच आज मला सांगावयाचे आहे.

उदाहरणासाठी बी.एम.डब्ल्यू. या जर्मन कंपनीची एक्स-५ ही ऐसपैस गाडी घेऊ. १९९९ साली ही मालिका सुरू झाली आणि २०१८ मध्ये तिची चौथी पिढी आली. भारतासाठी या गाडीची जुळणी चेन्नईच्या कारखान्यात होत आली आहे. त्या चौथ्या पिढीतील एका प्रकारात तीन लिटरचे, सहा सिलिंडरांचे पेट्रोल इंजिन होते. त्याची शक्ती ३४० अश्वशक्ती. आणि त्याचा टॉर्क, म्हणजे दांडा फिरविणारा जोर, ४५० न्यूटन-मीटर. हा जोर मिनिटाला १५०० फेऱ्यांपासून ५२०० फेऱ्यांपर्यंत सारखाच मिळे. एवढ्या विस्तृत टप्प्यात जोराची रेषा सपाट राहते, ही गोष्ट निसर्गाची नव्हे. संगणकाने तेथे मुद्दाम छत घातलेले असते. ट्यूनिंग करणारा हे छत वर उचलतो.

ते कसे, हे पाहू. एक किलो शुद्ध पेट्रोल पुरतेपणी जळण्यास सुमारे १४.७ किलो हवा लागते. म्हणजे इंजिनाची भूक पेट्रोलाची असली, तरी तिची मर्यादा हवेने ठरते. ही हवा अधिक मिळावी म्हणून टर्बो असतो. बाहेर जाणाऱ्या तप्त वायूच्या झोताने एक चाक फिरते आणि त्याच दांड्यावरील दुसरे चाक ताजी हवा दाबून सिलिंडरात कोंबते. किती हवा कोंबावी, किती पेट्रोल फवारावे, ठिणगी कोणत्या क्षणी पाडावी, हे सारे इंजिनाचा संगणक ठरवितो. ठिणगी आणि इंधन या दोहोंचा कारभार एकाच अंकीय यंत्राकडे सोपविणारी बॉशची मोट्रॉनिक रचना १९७९ मध्ये बी.एम.डब्ल्यू.च्याच एका गाडीत प्रथम आली. आपण पंचांग उघडून वार व तिथीवरून मुहूर्त पाहावा, तद्वत हा संगणक फेऱ्यांची संख्या आणि इंजिनावरील भार पाहून आपल्या तक्त्यांतून ठिणगीचा मुहूर्त काढतो. आणि हे तो दर क्षणाला करीत असतो.

ट्यूनिंग म्हणजे हे तक्ते नव्याने लिहिणे. हवेचा दाब वाढवावयाचा, त्याला साजेसे इंधन द्यावयाचे, ठिणगी किंचित आधी पाडावयाची आणि टॉर्कची मर्यादा वर न्यावयाची. आपण समजू की ४५० चा जोर पाचव्या हिश्श्याने वाढवून ५४० केला. मिनिटाला ४५०० फेऱ्यांवर पूर्वी सुमारे २८८ अश्वशक्ती मिळे, ती आता ३४६ होईल. हे साधे गणित आहे. त्यात फसवणूक नाही.

परंतु हिशेबाला दुसरी बाजू असते. अशा इंजिनात पेट्रोलच्या उष्णतेचा ढोबळ मानाने एक-तृतीयांश भाग कामी येतो. उरलेला भाग धुराड्यावाटे आणि रेडिएटरवाटे बाहेर टाकावा लागतो. काम पाचव्या हिश्श्याने वाढले की टाकावयाची उष्णताही जवळजवळ तितकीच वाढते. रेडिएटर मात्र तोच, तेल तेच आणि दट्ट्यांचा धातूही तोच. शहरात दहा सेकंद ॲक्सिलरेटर दाबला तर हे जाणवणार नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेलेला असावा, गाडीत सात माणसे आणि सामान असावे आणि समोर लांबच लांब चढ असावा, तेव्हा त्या राखून ठेवलेल्या वावाची किंमत कळते.

इंधनाचीही गोष्ट अशीच आहे. ठिणगी पडल्यावर ज्योत शिस्तीने पसरत गेली पाहिजे. दाब व उष्णता फार वाढल्यास कडेचे मिश्रण ज्योत पोचण्यापूर्वीच आपोआप पेटते आणि धातूवर हातोडीने ठोकल्यासारखा आवाज येतो. यालाच नॉकिंग म्हणतात. त्याला विरोध करण्याची इंधनाची शक्ती म्हणजे त्याचा ऑक्टेन अंक. जर्मनीत ९८ अंकाचे पेट्रोल सर्रास मिळते. आपल्याकडे निरनिराळ्या अंकांची पेट्रोले विकली जातात, आणि आडवाटेच्या पंपावर हवे ते मिळेलच असे नाही. इंजिनाला नॉकिंगची चाहूल घेणारा कान असतो. तो ठिणगी उशिरा पाडून इंजिन वाचवितो. पण मग विकत घेतलेला जोरही नाहीसा होतो आणि धुराड्यातील उष्णता वाढते.

तीच कथा उंचीची. लेह शहर सुमारे ३५०० मीटर उंचीवर आहे. तेथे हवेचा दाब समुद्रकिनाऱ्याच्या सुमारे दोन-तृतीयांश असतो. तितकीच हवा सिलिंडरात भरण्यासाठी टर्बोला अधिक वेगाने फिरावे लागते. ज्याने त्याची मर्यादा मुंबईतच संपवून ठेवली, तो लडाखच्या घाटात काय करणार?

सारांश, निर्मात्याने राखलेली शक्ती ही कंजुषी नव्हे, ती गंगाजळी होय. निकृष्ट इंधन, कडक उन्हाळा, उंच घाट, जुने झालेले तेल आणि झिजलेले भाग, या सर्वांच्या नावे ती बाजूला टाकलेली असते. स्वतः निर्मात्याला जोर वाढवावयाचा असतो तेव्हा तो कसा वागतो, तेही पाहावे. २०२३ मध्ये याच गाडीची शक्ती ३८१ अश्वशक्तीवर नेण्यात आली. त्यासाठी हवेचे मार्ग, ज्वलनकक्ष आणि प्रज्वलनाची रचना यांत फेरफार झाले होते आणि मदतीस ४८ व्होल्टची विद्युत मोटारही होती. केवळ तक्ते बदलून काम भागविलेले नव्हते.

बाजारात आणखी एक स्वस्त उपाय मिळतो. ही एक छोटी पेटी असते आणि ती दाबमापकाच्या तारेत जोडतात. ती संगणकाचे तक्ते बदलत नाही. ती त्याच्याशी खोटे बोलते. प्रत्यक्ष दाब जास्त असताना तो कमी असल्याचे ती कळविते, म्हणून संगणक तो आणखी वाढवितो. तापाने फणफणलेल्या रोग्याचा थर्मामीटर गार पाण्यात बुडवून वैद्यापुढे धरावा, त्यातलाच हा प्रकार.

आता कायद्याकडे वळू. आरंभी ज्या खोबणीचा उल्लेख केला, ती अमेरिकेत १९९६ सालच्या गाड्यांपासून सक्तीची झाली. धूर शुद्ध करणारी यंत्रणा नीट चालते की नाही, हे तपासणे हा तिचा हेतू होता. पहाऱ्यासाठी केलेला दरवाजाच आज फेरफाराची वाट झाला आहे. संगणकातील आकडे म्हणजे केवळ मालकाची खाजगी बाब नव्हे, हे जगाला २०१५ मध्ये कळून चुकले. फोक्सवॅगन कंपनीने आपल्या डिझेल गाड्यांच्या संगणकात अशी आज्ञावली घातली होती की, तपासणीच्या वेळी धूर शुद्ध असावा आणि रस्त्यावर मात्र नसावा. जगभरात सुमारे एक कोटी दहा लाख गाड्या या प्रकरणात सापडल्या. त्या गाड्यांचा एकही खिळा बदललेला नव्हता. अपराध होता तो आकड्यांचा.

आपल्या देशात मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ असे सांगते की, नोंदणीपत्रातील तपशील निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाने करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हाच अर्थ उचलून धरला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अवैध फेरफारास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठरविली. पुण्याच्या एआरएआयसारख्या, १९६६ पासून चालत आलेल्या संस्थेत वाहनांची मान्यतेसाठी परीक्षा होते, ती गाडी कारखान्यात होती तशा रूपाची. तक्ते बदलताच त्या परीक्षेचा आधार सुटतो. पाठोपाठ कंपनीची हमी जाऊ शकते आणि विमा कंपनीला न कळविलेला बदल अपघातानंतर दाव्याच्या आड येऊ शकतो.

इतके जाणूनही, जेथे कायदा परवानगी देतो तेथे, कोणास हे करावयाचेच असेल तर क्रम सुज्ञपणाचा असावा. मूळ तक्त्यांची प्रत जपून ठेवावी. लेखन चालू असताना बॅटरीला चार्जर जोडलेला असावा. कारण मध्येच विद्युतदाब पडला तर संगणक निकामी होऊ शकतो. आधी जुने दोष काढावेत, नवे स्पार्क प्लग बसवावेत आणि शक्ती यंत्रावर आधी व नंतर मोजून घ्यावी. धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला कधीही हात लावू नये. टायर आणि ब्रेक यांचाही विचार व्हावा. दोन टनांहून जड असलेली गाडी ताशी १०० ऐवजी १२० किलोमीटर वेगाने धावू लागली, तर ब्रेकांनी जिरवावयाची ऊर्जा पाचव्या हिश्श्याने नव्हे, तर शेकडा ४४ ने वाढते.

आणि गाडी विकावयाची झाल्यास घेणाऱ्यास हा बदल स्पष्ट सांगावा. कारण गंगाजळी आपण खर्च केलेली असते आणि अडचणीचा दिवस कदाचित त्याच्या वाट्याला येणार असतो. संसारात आपण शिल्लक पाहून खर्च करतो आणि त्या शिलकीवर कोणाकोणाचा हक्क आहे हेही पाहतो. यंत्राशी वागताना याहून निराळा व्यवहार असण्याचे कारण नाही.