उजाड कुरणांचे पुनरुज्जीवन

सातारा जिल्ह्यातील माण व खटाव आणि सांगली जिल्ह्यातील आटपाडी, जत व कवठेमहांकाळ हे तालुके कमी पावसाचे आहेत. वर्षाकाठी सुमारे ५०० मि.मी. पाऊस पडतो व त्यातील मोठा वाटा सप्टेंबरमध्ये येतो. खिलार जनावरांचा व माडग्याळ मेंढ्यांचा हा मुलूख. त्यांचा मोठा आधार म्हणजे माळावरचे गवत. परंतु मोकाट चराईमुळे अनेक गायराने व पडीक माळ तपकिरी आणि खुरटे झाले आहेत. पवन्या, मारवेल, डोंगरी ही चांगली गवते मागे पडून कुसळी व तरवड माजले आहेत. २०१२-१३ च्या दुष्काळात या भागात चारा छावण्या उघडाव्या लागल्या, हे शेतकरी बंधू विसरलेले नाहीत.

कुरण का बिघडते?

पहिल्या पावसानंतर फुटणारा कोंब हा गवताच्या बुडख्यात साठवलेल्या अन्नावर वाढतो. पाने मोठी झाल्यावरच मुळांना नवे अन्न मिळते. कोवळा फुटवा जनावरांनी वारंवार खाल्ला की साठा संपतो, मुळे आखूड राहतात व ठोंब मरतो. खुरांनी जमीन घट्ट होऊन पाणी मुरत नाही, वाहून जाते. म्हणून पावसाळ्याचे पहिले दीड-दोन महिने कुरणाच्या दृष्टीने सर्वांत नाजूक असतात.

गवत वाळले की मेले?

उन्हाळ्यात सर्वच कुरण तपकिरी दिसते; त्यावरून ते मेले असे समजू नये. मे महिन्यात पाच-सहा ठिकाणी हातभर जागा निवडून एक दिवसाआड घागरभर पाणी द्यावे. दहा-बारा दिवसांत बुडख्यातून हिरवे कोंब आले तर ठोंब जिवंत आहेत. निम्म्याहून अधिक ठोंब जिवंत असल्यास जमीन नांगरू नये. नांगरटीने उरलेले गवतही जाते व उतारावरची माती वाहते. अशा ठिकाणी केवळ राखण केली तरी कुरण सुधारते.

सुधारणेची कामे

१) उन्हाळ्यात उतारास आडवे समतल चर काढावेत. तरवड व घाणेरी मुळासकट खणून काढावी.

२) उघड्या पडलेल्या जागी पावसाच्या सुरुवातीस माती वरवर खरवडून अंजन गवत व स्टायलो यांचे बी पेरावे. एकरी अंजनाचे २ किलो व स्टायलोचे २ किलो बी पुरते. अंजनाचे बी हलके असल्याने ओलसर मातीत मिसळून फोकावे व अर्धा ते एक सें.मी.पेक्षा खोल जाऊ देऊ नये. स्टायलोच्या बियांचे कवच कठीण असते, म्हणून ८० अंश से. तापमानाच्या पाण्यात ४ ते ५ मिनिटे बुडवून सावलीत सुकवावे. स्टायलो हे द्विदल असल्याने चाऱ्यातील प्रथिने वाढतात.

३) ओलावा टिकणाऱ्या खोलगट जागी मारवेलचे मुळ्या असलेले ठोंब ४५ × ३० सें.मी. अंतरावर लावावेत.

४) चांगला पाऊस झाल्यावर जुन्या गवतास एकरी ८ किलो नत्र, म्हणजे सुमारे १७ किलो युरिया द्यावा. कोरड्या जमिनीत खत टाकू नये.

५) कुसळी गवत कुसळे धरण्यापूर्वीच कापावे. कुसळे मेंढ्यांच्या लोकरीत व कातडीत रुततात, तोंडास इजा करतात.

६) पहिल्या वर्षी चांगल्या गवताचे बी पक्व होऊन गळाल्यावरच कापणी करावी. पुढील वर्षांपासून गवत फुलोऱ्यात असताना, जमिनीपासून चार बोटे वर कापावे. या वेळी चारा सकस असतो.

७) वाळलेले गवत पेटवू नये. वणव्यात बी व पालापाचोळा जळून जमीन उघडी पडते. हिवाळा संपण्यापूर्वी कडेने जाळरेषा काढावी.

चराईबंदी कशी करावी?

संपूर्ण गायरान एकदम बंद केल्यास मेंढपाळ व भूमिहीन पशुपालक अडचणीत येतात आणि बंदी मोडते. म्हणून ग्रामसभेत सर्वांना, विशेषतः मेंढपाळांना, विचारात घेऊन गायरानाचे चार भाग करावेत. दरवर्षी एक भाग संपूर्ण पावसाळाभर बंद ठेवावा व गवत कापून वाटून घ्यावे. उरलेल्या तीन भागांत आळीपाळीने चराई करावी. चार वर्षांत प्रत्येक भागास एकदा विश्रांती मिळते.

राखण केली तर काय होते याचे उदाहरण जवळच आहे. सांगली जिल्ह्यात देवराष्ट्रे गावाजवळील उजाड डोंगरावर वृक्षमित्र धों. म. मोहिते यांच्या पुढाकाराने वनराई उभी राहिली व १९८५ मध्ये त्यास सागरेश्वर अभयारण्याचा दर्जा मिळाला.

पहिल्या वर्षी बंद भागातून चारा उशिरा मिळेल, हे गृहीत धरून कडब्याची तजवीज आधीच करावी. मात्र वाळवून रचलेली गवताची गंजी चैत्र-वैशाखात, विकतचा चारा महाग होतो त्या वेळी कामास येते. शेतकरी बंधूंनी येत्या पावसाळ्यात निदान एका तुकड्यापासून तरी सुरुवात करावी.