एका कप्प्यातून दुसऱ्या कप्प्याला आज्ञा

प्रोग्राम लिहिणाऱ्याचा दिवस एकाच फेऱ्यात जातो. टेक्स्ट एडिटरमध्ये दोन ओळी बदलायच्या, फाइल जतन करायची, टर्मिनलमध्ये जाऊन चाचणीची आज्ञा टंकित करायची, निकाल वाचायचा आणि परत एडिटरमध्ये यायचे. प्रत्येक फेरीला सेकंद थोडेच लागतात. परंतु या येरझाऱ्यांत विचारांचा धागा तुटतो, हे खरे नुकसान.

ते टाळण्याची सोय 'टीमक्स' या मुक्त प्रोग्राममध्ये आहे. निकोलस मॅरियट यांनी २००७ मध्ये तो प्रथम प्रसिद्ध केला. एकाच टर्मिनलचे तो अनेक कप्पे करतो. त्यांना 'पेन' म्हणतात. डाव्या कप्प्यात 'विम' हा ब्रॅम मूलेनार यांचा १९९१ पासून प्रचलित असलेला एडिटर उघडावा आणि उजव्या कप्प्यात शेल मोकळे ठेवावे.

या दोहोंना जोडणारा दुवा म्हणजे टीमक्सची 'सेंड-कीज' ही आज्ञा. कोणता कप्पा आणि कोणती अक्षरे, एवढेच तिला सांगायचे. ती स्वतः कोणताही प्रोग्राम चालवत नाही. जणू कोणी त्या कप्प्यात बसून कळा दाबत आहे, अशी अक्षरे तेथे उमटवते. म्हणूनच 'मेक टेस्ट' या शब्दांनंतर 'एंटर' वेगळे लिहावे लागते. ते राहिले, तर आज्ञा नुसती पडद्यावर थांबून राहते.

विममध्ये एखादी कळ अशी बांधता येते, की आधी फाइल जतन व्हावी आणि मग सेंड-कीज चालावी. हा क्रम महत्त्वाचा आहे. अन्यथा चाचणी जुन्याच मजकुराची होते. एक कळ सर्व चाचण्यांसाठी, दुसरी केवळ चालू फाइलसाठी ठेवावी. बाहेरच्या आज्ञेत टक्क्याचे चिन्ह लिहिले, की विम त्याजागी चालू फाइलचे नाव घालतो.

खरी जोखीम पत्त्याची आहे. कप्प्यांचे क्रमांक शून्यापासून सुरू होतात आणि मधला कप्पा बंद होताच पुढचे बदलतात. काल चाचणीचे शेल जेथे होते, तेथे आज प्रत्यक्ष ग्राहकांचा सर्व्हर उघडलेला असू शकतो. चाचणीचा डेटाबेस पुसण्याची आज्ञा तेथे पोहोचली, तर काय होईल हे सांगायला नको. यासाठी क्रमांकाऐवजी कप्प्याची कायमची ओळख वापरावी. ती टक्क्याच्या चिन्हाने सुरू होते आणि कप्पा असेपर्यंत बदलत नाही. मात्र विममध्ये या चिन्हाचा अर्थ वेगळा असल्यामुळे त्याआधी उलटी तिरकी रेघ द्यावी लागते.

दुसरी अडचण म्हणजे उजवीकडे शेलऐवजी दुसराच प्रोग्राम उघडा असणे. तेथे 'लेस'मध्ये एखादी नोंदवही वाचत ठेवली असेल, तर पाठवलेले प्रत्येक अक्षर त्याला स्वतःचीच आज्ञा वाटते. म्हणून एक कप्पा केवळ चाचण्यांसाठी राखून ठेवणे श्रेयस्कर.

आणि जी आज्ञा काही पुसते किंवा बदलते, तिच्यापुढे 'एंटर' मुद्दामच लिहू नये. अक्षरे पलीकडच्या कप्प्यात उमटतील. ती डोळ्यांनी वाचावीत, कप्पा योग्य असल्याची खात्री करावी आणि शेवटची कळ स्वतःच्या बोटाने दाबावी. वाचलेल्या सेकंदांपैकी एवढा एक सेकंद खर्च करणे केव्हाही परवडते.