पाव मिलिमीटरचा हिशेब

जूनची पहिली तारीख उजाडली, की पावसाळी मासेमारीबंदी लागते आणि आमच्या दिवाळे गावातल्या यांत्रिक होड्या किनाऱ्याला लागतात. दोन महिने जाळी सांधायची, फळ्यांच्या फटी बुजवायच्या, रंग द्यायचा आणि इंजिनाला काय दुखतंय ते बघायचं. बेलापूरच्या काचेच्या इमारती गावापासून हाकेच्या अंतरावर. तिथल्या माझ्या सहकाऱ्यांना हे छत्रीचे दिवस वाटतात. आमच्या घरी ते दुरुस्तीचे दिवस. (गावाच्या नावावरून पाहुणे जो विनोद करतात, तो आम्हाला याच दिवसांत खरा वाटू लागतो.)

गेल्या हंगामात आमचं इंजिन सकाळी सुरू व्हायला कुरकुर करी. धूर निळा येई आणि दर आठ दिवसांनी वरून ऑइल ओतावं लागे. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, रिंगा आणि सिलिंडरची भिंत यांच्यात फट पडलीय, हे आमच्याकडे शाळकरी पोरही सांगेल. पण चालतंय तोवर चालवायचं! एका संध्याकाळी ओहोटीला, खाडीच्या तोंडाशी ते बंदच पडलं. होडीत वडील आणि धाकटा भाऊ. पाण्याची ओढ बाहेरची. शेजारच्या होडीने दोर टाकून आणलं म्हणून निभावलं. त्या रात्री आई जेवली नाही.

मिस्त्रींनी इंजिन उघडलं. मूळ बोअर ८० मिलिमीटरचा. वरच्या टोकाशी, जिथे रिंग क्षणभर थबकून परत फिरते आणि ऑइल सर्वांत कमी पोचतं, तिथे माप ८०.३८ भरलं, खाली ८०.१०. शिवाय गोलाई जाऊन तो अंडाकार झालेला. मार्ग दोन. बोअर अर्ध्या मिलिमीटरने वाढवायचा, म्हणजे प्रत्येक बाजूने पाव मिलिमीटर लोखंड तासायचं आणि ओव्हरसाइज पिस्टन-रिंगा घालायच्या. नाहीतर लायनर, पिस्टन, रिंगा असा सगळा संचच नवा. नव्याचा खर्च तिप्पट.

"बोअर करू. अजून दोन-तीन वर्सं निघतील," वडील म्हणाले.

"नवंच टाका, बाबा. नायतर मी नोकरी बघतो," भाऊ म्हणाला.

दोघांनी माझ्याकडे पाहिलं, कारण पैशाची सोय मला करायची होती.

त्याच आठवड्यात ऑफिसातल्या एका मित्राला हे सांगितलं. तो रायफल नेमबाज. आमचे मिस्त्री सिलिंडरला 'बॅरल' म्हणतात हे ऐकून तो हसला. म्हणाला, आमच्याकडेही हेच कोडं असतं. रायफलच्या नळीत आतून पीळ दिलेल्या खाचा असतात. त्यांनीच गोळी स्वतःभोवती फिरते आणि सरळ जाते. जोरदार काडतुसांच्या उष्णतेने नळीची सुरुवातच आधी झिजते, आणि नेम फाकू लागतो. मग ती नळी मोठ्या बोअरची करून नव्या खाचा पाडता येतात, किंवा नळीच बदलावी लागते. आपल्याकडे परवान्यावर बोअर नोंदलेला असतो, त्यामुळे तो वाढवणं म्हणजे सरकारदरबारचाही प्रश्न. पण कारागीर आधी विचारतो तो प्रश्न वेगळाच. तासल्यावर मागे भिंत किती उरेल? गंज खोलवर गेला असेल किंवा नळी कुठे फुगली असेल, तर तो हात लावत नाही.

ते ऐकलं आणि मी चमकलो. आम्ही सगळी मापं आतून घेतली होती!

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींना म्हटलं, लायनर पूर्ण ओढून काढा. आमच्या इंजिनात लायनरच्या बाहेरून खाडीचंच खारं पाणी फिरतं, इंजिन थंड ठेवायला. ते लोखंड खातं. त्यात इंजिनाच्या थरथरीने भिंतीलगत बारीक बुडबुडे तयार होऊन फुटतात आणि कण कण उचकटत राहतात. लायनर बाहेर आला तेव्हा त्याची एक बाजू देवीच्या व्रणांसारखी दिसत होती. भिंत सहा मिलिमीटरची. मिस्त्रींनी तार घालून पाहिलं, एक खड्डा साडेतीन मिलिमीटर खोल. आतून बोअर आरशासारखा झाला असता, पण हा खड्डा तसाच राहिला असता. तो आरपार गेला की पाणी थेट सिलिंडरमध्ये.

"काका, मी बोअर मारून देतो," मिस्त्री म्हणाले, "पण मग भर पाण्यात माझी आठवण काढू नका."

वडिलांनी त्या खड्ड्यावरून दोन-तीनदा बोट फिरवलं आणि काही न बोलता घरात गेले. आईने कपाट उघडल्याचा आवाज आला. माझी जुळवाजुळव अपुरी पडणार हे तिने आधीच ताडलं होतं. तिची एक पाटली गहाण पडली.

दोन्ही सिलिंडरचे संच नवे बसले. नारळी पौर्णिमेला पूजा झाली आणि इंजिन पहिल्याच झटक्यात सुरू झालं. धूर जेमतेम. "पहिले पन्नास तास दमानं चालवा, काका, रिंगा बसू द्या," मिस्त्रींनी बजावलं. वडील आता भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलने तास मांडतात. जुना लायनर त्यांनी भंगारात दिला नाही. पडवीत जाळ्यावरची ताडपत्री उडू नये म्हणून ठेवलाय, खड्ड्यांची बाजू वर करून. काल चौतीस तास झाले.