भांडार आणि त्याची सूची

एखाद्या ग्रंथालयात लाखो ग्रंथ आहेत, दारे सर्वांना सताड उघडी आहेत, वर्गणी नाही, अनामत नाही. परंतु ग्रंथांच्या पाठीवर नावे नाहीत, सूची नाही आणि कोणत्या ग्रंथाची मधली पाने गळली आहेत हे सांगणारा ग्रंथपालही नाही. अशा ग्रंथालयात शिरलेला वाचक घटकाभर हिंडेल आणि रिकाम्या हाताने परतेल. ग्रंथालय सर्वांना खुले आहे, हे विधान मात्र तेव्हाही खरेच राहील. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे आचार्य डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयाचे पाच नियम मांडले. त्यांचा रोख हाच होता की ग्रंथ जपून ठेवण्याकरिता नसून वापराकरिता असतात, आणि वाचकाचा वेळ वाचविणे हे ग्रंथालयाचे कर्तव्य होय. खुले असणे आणि उपयोगी असणे यांतील हे अंतर आज एका निराळ्याच क्षेत्रात प्रकर्षाने जाणवते. ते क्षेत्र म्हणजे मुक्तस्रोत सॉफ्टवेअरची भांडारे.

संगणकाकडून काम करवून घेण्यासाठी लिहिलेला सूचनांचा संच म्हणजे सॉफ्टवेअर किंवा आज्ञावली. पुष्कळशा व्यापारी आज्ञावली वैद्याच्या पुडीसारख्या असतात. गुण येतो, पण आत काय आहे हे कळत नाही. मुक्तस्रोत आज्ञावलीची मूळ संहिता मात्र कोणीही वाचावी, तीत फेरफार करावा आणि ती इतरांस द्यावी, अशी मुभा असते. १९८३ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी या विचाराने कार्य आरंभिले. १९९१ साली फिनलंडमधील लिनस टॉर्व्हाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा प्रसिद्ध केला. आज अँड्रॉइडच्या फोनमध्येही हाच गाभा आहे. अशा आज्ञावली जेथे साठवून लोकांस उपलब्ध केल्या जातात, ती त्यांची भांडारे.

भांडाराच्या दारी येणारा प्रत्येक मनुष्य संगणकतज्ज्ञ नसतो. तो शाळेचे वेळापत्रक आखणारा मुख्याध्यापक असेल, पतपेढीचा हिशेबनीस असेल किंवा गावच्या वाचनालयाची नोंदवही संगणकावर आणू पाहणारा ग्रंथपाल असेल. त्याच्या मनात चार प्रश्न असतात. ही वस्तू काय आहे? ती वापरण्याचा आपणांस अधिकार आहे काय? तिच्यावर विश्वास ठेवावा काय? आणि आज आहे ती उद्या असेल काय? भांडाराची उपयुक्तता साठ्याच्या आकड्यावरून नव्हे, तर या चार प्रश्नांच्या उत्तरांवरून ठरते.

पहिला प्रश्न सोपा वाटतो, पण त्याचेच उत्तर पुष्कळदा मिळत नाही. बहुतेक आज्ञावलींसोबत 'मला वाचा' अशा अर्थाच्या नावाचे एक निवेदन असते. ते लिहिणारा आपल्या सहकाऱ्यांसाठी लिहितो. त्यात संहिता कशी जुळवावी हे असते. ती कशासाठी आहे हे मात्र गृहीत धरलेले असते. याउलट डेबियन या प्रकल्पाचे उदाहरण घेण्यासारखे आहे. १९९३ साली इयन मर्डॉक यांनी तो सुरू केला आणि २०२५ च्या आवृत्तीत त्याच्या भांडारात सुमारे ७० हजार संच आहेत. प्रत्येक संचासोबत एका ओळीचा परिचय आणि त्याखाली सविस्तर वर्णन असावे, असा तेथील दंडक आहे. हा संच घ्यावा की न घ्यावा हे ते वर्णन वाचून ठरविता आले पाहिजे. त्या संचाला आणखी कोणते संच लागतात, त्याचा वर्ग कोणता आणि तो कोण सांभाळतो, याचीही नोंद असते. कोठावळ्याने प्रत्येक पोत्यावर चिठ्ठी लावावी, तसाच हा प्रकार.

दुसरा प्रश्न अधिकाराचा. एखादी संहिता सर्वांस दिसेल अशी ठेवली म्हणजे ती मुक्त झाली, ही समजूत चुकीची आहे. परवाना स्पष्टपणे लिहिलेला नसेल, तर स्वामित्वहक्क लेखकाकडेच राहतो, आणि ती वापरू इच्छिणाऱ्या संस्थेचे पाऊल अडते. लेखकाचा हेतू उदार असूनही एका कागदाच्या अभावी त्याचे दान घेणाऱ्यापर्यंत पोहोचत नाही.

तिसरा प्रश्न विश्वासाचा. त्याचे गांभीर्य मार्च २०२४ मध्ये उघडकीस आलेल्या एका प्रकाराने जगाला पटले. एक्सझेड नावाची, फायली दाबून लहान करणारी एक जुनी आज्ञावली आहे. तिचा भार वर्षानुवर्षे जवळजवळ एकच मनुष्य विनावेतन वाहत होता. मदतीच्या मिषाने पुढे आलेल्या एका व्यक्तीने दोन वर्षांहून अधिक काळ काम करून विश्वास संपादन केला आणि नव्या आवृत्तीत एक चोरवाट दडवली. विशेष हे की तिचा एक महत्त्वाचा दुवा सर्वांस दिसणाऱ्या संहितेत नव्हता. तो केवळ वितरणासाठी बांधलेल्या गाठोड्यात होता. संगणकाला प्रवेश देण्यास अर्धा सेकंद अधिक का लागतो, या शंकेने एका अभियंत्याने शोध घेतला, म्हणून अनर्थ टळला. यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. गाठोड्यातील माल आणि उघड संहिता एकच आहेत, हे पडताळून पाहण्याची सोय भांडाराने केली पाहिजे. आणि ही आज्ञावली किती माणसांच्या खांद्यावर उभी आहे, हेही चिठ्ठीवर असले पाहिजे.

चौथा प्रश्न टिकाऊपणाचा. मार्च २०१६ मध्ये एनपीएम या भांडारातून एका लेखकाने वादानंतर आपल्या आज्ञावली काढून घेतल्या. त्यांतील एक अवघी अकरा ओळींची होती. परंतु तिच्यावर विसंबलेली असंख्य कामे जगभर तासाभरातच अडली. ती पुन्हा स्थापावी लागली आणि वस्तू काढून घेण्याचे नियम कडक करण्यात आले. त्याच वर्षी गूगल कोड हे मोठे भांडार बंद झाले, आणि त्याच वर्षी फ्रान्समध्ये सॉफ्टवेअर हेरिटेज हा संहितांचा अभिलेखागार सुरू झाला. एकदा लोकांच्या उपयोगात आलेली वस्तू ही केवळ देणाऱ्याची राहत नाही, हा बोध यातून घ्यावयाचा.

ही सारी व्यवस्था कोणी करावयाची? संहिता लिहिणाराच चिठ्ठीही उत्तम लिहील, ही अपेक्षा अवास्तव आहे. ग्रंथकाराने सूचीकारही व्हावे असे कोणी म्हणत नाही. येथे वापरणाऱ्यांचे साहाय्य मोलाचे ठरते. डेबियनमध्ये दोषांची यादी सर्वांस खुली असते; दोष लपविणार नाही, असे त्या प्रकल्पाने १९९७ पासून लेखी वचन दिले आहे. दोष नीट कळविणे, अडलेले वाक्य सुगम करणे, वर्णनाचे भाषांतर करणे, या कामांना संहिता लिहिता येणे आवश्यक नाही. डेबियन संगणकावर बसविताना जी प्रश्नोत्तरे होतात ती मराठीतही उपलब्ध आहेत. ती स्वयंसेवकांच्या अशाच कष्टांचे फळ होत.

भारतापुरता हा विषय शासनाशीही निगडित आहे. २०१५ साली भारत सरकारने मुक्तस्रोत आज्ञावलींच्या स्वीकाराचे धोरण जाहीर केले, आणि शासकीय आज्ञावलींची संहिता खुली करून ती एकत्रितपणे विकसित करण्याचे धोरणही त्याच वर्षी आले. एका राज्याने जनतेच्या पैशातून जे घडविले, ते दुसऱ्या राज्याने पुन्हा पैसा खर्चून घडवू नये, हा त्यामागील विचार स्तुत्यच आहे. परंतु केवळ संहिता मांडून ठेवल्याने तो सिद्धीस जाणार नाही. दूरच्या जिल्ह्यातील कारकुनाला ती सापडली, तिचे प्रयोजन त्याच्या भाषेत समजले, परवाना दिसला आणि अडचण आल्यास कोणास विचारावे हे कळले, तरच भांडाराचे दार त्याच्यापुरते उघडले असे म्हणता येईल.