पुळणीवरची वाळू जाते कुठे?

मे महिन्याच्या सुटीत कोकणातल्या एखाद्या पुळणीवर तुम्ही मनसोक्त क्रिकेट खेळला असाल. तीच पुळण ऑगस्टमध्ये पाहा, ओळखूच येणार नाही! वाळू खचलेली, सुरूच्या झाडांची मुळं उघडी पडलेली. एवढी वाळू चोरीला गेली की काय? छे! ती समोरच आहे, पाण्याखाली.

त्याचं असं होतं. पावसाळ्यात लाटा उंच आणि एकीवर एक आदळणाऱ्या. वर चढलेल्या पाण्याला वाळूत मुरायला सवडच मिळत नाही. ते तसंच मागं घसरतं आणि जाताना वाळू ओढून नेतं. ही वाळू काही अंतरावर पाण्याखाली बांधासारखी साठते. मोठ्या लाटा मग त्या बांधावरच फुटू लागतात. म्हणजे पुळणीनं आपलीच वाळू पुढं करून ढाल केली की नाही? पावसाळा सरला की लाटा संथ होतात. वर येणारं पाणी वाळूत मुरतं आणि सोबत आणलेली वाळू तिथंच टाकतं. दिवाळीनंतर पुळण पुन्हा भरू लागते.

याच सुमारास ऑलिव्ह रिडले कासवांची मादी रात्री किनाऱ्यावर येते. भरतीच्या रेषेवर खड्डा करते, शंभरएक अंडी घालते, वर वाळू लोटते आणि निघून जाते. पुन्हा फिरकतही नाही! अंडी उबवते ती वाळूच. वाळू जास्त तापली तर पिल्लं माद्या निपजतात, थंड राहिली तर नर. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळास गावात पूर्वी ही अंडी पळवली जात. २००२ पासून सह्याद्री निसर्ग मित्र संस्था आणि गावकरी यांनी ती राखायला सुरुवात केली.

पण पुळणच उरली नाही तर? समुद्र वाडीत शिरतो म्हणून ठिकठिकाणी दगडी बंधारे घातले जातात. ज्याची नारळाची झाडं डोळ्यांदेखत वाहून गेली, त्याला नावं कशी ठेवायची? मात्र बंधाऱ्यावर आपटून उलटणारी लाट त्याच्या पायथ्याची वाळू उकरते. पुळण अरुंद होते आणि कासवीण दगडापाशी येऊन तशीच माघारी वळते.

येत्या मे महिन्यात एक करा. पुळणीवर उतरणाऱ्या पायऱ्यांपैकी किती वाळूबाहेर दिसतात ते वहीत लिहून ठेवा. गणपतीला गावी गेलात की पुन्हा मोजा. ओहोटीला जा बरं का, आणि पाण्यात मुळीच उतरू नका!