सुहैलीची फट
(शिडांच्या वाटेनं : लेखांक ७)

गेल्या आठवड्यात आपण शिडं उसवली, शिवली. आज पाण्याखाली उतरायचं आहे, कारण लांबच्या मोहिमेला निघणाऱ्या जुन्या पद्धतीच्या नौकेची खरी तयारी तिथेच होते. डेकवर पितळ चकाकतंय की नाही, याला बंदरात फार तर फोटोपुरती किंमत.

लाकडी नौकेच्या फळ्या कडेला कड लावून बसवलेल्या असतात. दोन फळ्यांमधल्या फटीत कापसाची वात ठासायची, वरून लांबी भरायची, मग रंग. पाण्यात उतरवल्यावर फळ्या फुगतात, वात आवळली जाते आणि फट बंद होते. म्हणून बरेच दिवस कोरड्यावर राहिलेली नौका पाण्यात घातली की पहिले एकदोन दिवस गळते. जुने लोक पंप मारतात आणि वाट पाहतात. नवखा माणूस घाबरून आणखी कापूस ठासतो. मग फळ्या फुगल्यावर त्यांना जागाच उरत नाही, त्या एकमेकींना रेटतात आणि आतल्या वाशांवर ताण येतो. पावसाळ्यात किनाऱ्यावर ओढलेल्या होडीच्या बुडाशी बसून असं काम करणारा हात कोकणात ज्यांनी पाहिलाय, त्यांना तो बेताचा, ठेक्यातला ठोका ठाऊक असेल. आता फायबरच्या होड्यांमुळे तो कमी ऐकू येतो.

सगळ्यांत त्रासदायक फट कण्याला लागून असलेल्या पहिल्या फळीची. डोलकाठी आपलं वजन आणि शिडांचा जोर घेऊन खाली कण्यावर दाबते. तिला दोन्ही बाजूंनी धरणारे ताणदोर मात्र नौकेच्या कडा वर ओढतात. समुद्र उसळला की हा खेळ तासन्‌तास चालतो आणि डोलकाठीच्या पायथ्याजवळची फट श्वास घेतल्यासारखी उघडमीट करू लागते. बंदरात हे कधीच दिसत नाही.

याचं मला ठाऊक असलेलं सर्वांत बोलकं उदाहरण मुंबईत बांधलेल्या नौकेचं आहे. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा ब्रिटिश व्यापारी जहाजांवरचा तरुण अधिकारी. त्यानं इथल्या सुतारांकडून बत्तीस फुटी ‘सुहैली’ बांधून घेतली आणि १९६४ मध्ये ती पाण्यात उतरली. आराखडा अमेरिकन विल्यम ॲटकिनचा, त्याचं मूळ नॉर्वेतल्या कॉलिन आर्चरच्या बचावनौकांमध्ये. लाकूड सागवानी, हत्यारं वाकस आणि दोरीनं फिरवायचा सामता. पुढे एकट्यानं, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करायची ठरली, तेव्हा त्याला खरं तर नवी पोलादी नौका हवी होती. पैसे जमले नाहीत. मग होती तीच सुहैली घेऊन १४ जून १९६८ रोजी तो फाल्मथहून निघाला. मला या नाइलाजाचं नेहमी कौतुक वाटतं. का, ते पुढे येईलच.

अटलांटिकमध्ये काही आठवड्यांतच सुहैली गळू लागली. डोलकाठीजवळ, कण्यालगत, दोन्ही बाजूंनी. वारा पडल्यावर तो समुद्रात उतरला. पृष्ठभागाखाली पाचेक फूट, श्वास कोंडून, हातात हातोडा: कापूस ठासायला घेतला, तर एक ठोका नीट बसेपर्यंत दम संपायचा आणि वर येऊन पुन्हा जाईपर्यंत कापूस सुटलेला असायचा. मग त्यानं युक्ती बदलली. कॅनव्हासची लांब पट्टी कापली, तिच्यावर कापसाची वात शिवली, डांबर फासलं, तांब्याच्या चुका आधीच टोचून ठेवल्या. आता पाण्याखाली फक्त ठोकायचं काम राहिलं. गोरं अंग शार्कच्या नजरेत भरू नये म्हणून गडद शर्ट-पँट घालून तो बुडी मारत होता. एक शार्क आलाच. तो त्यानं बंदुकीनं मारला. वात टिकावी म्हणून वरून तांब्याची पट्टी ठोकली. ती रेडिओ बसवणाऱ्यांनी नौकेवर मागे सोडलेली होती. आपण जिला भंगार म्हणून फेकलं असतं.

मोहिमेची यादी करताना मी म्हणूनच नव्या उपकरणांच्या आधी असल्या गोष्टी लिहीन: चुका, कॅनव्हास, डांबर, सुती वात, चपटा तांब्याचा तुकडा. पोलादी नौकेला एवढ्या सामानात समुद्रातच बरं करणं अवघड होतं. खाण्याच्या डब्यांवरचे कागद काढून आतल्या पदार्थाचं नाव रंगानं लिहिणं हेही याच तयारीतलं. ओला कागद सुटून तळाशी गेला की पंपाचं तोंड बंद करतो, आणि फट उघडी असताना पंप बंद पडणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

३१२ दिवसांनी, २२ एप्रिल १९६९ रोजी सुहैली फाल्मथला परतली. ही प्रदक्षिणा म्हणजे एक स्पर्धाही होती; तीत निघालेल्या नऊ जणांपैकी पोहोचला तो एकटाच. १९९१ मध्ये गिर्यारोहक क्रिस बॉनिंग्टनला घेऊन हीच नौका ग्रीनलंडच्या बर्फात गेली.

तिचा खरा शत्रू मात्र समुद्र निघाला नाही. १९९७ मध्ये तिला ग्रिनिचच्या राष्ट्रीय सागरी संग्रहालयात मानानं ठेवलं गेलं. आतली हवा कोरडी, वस्तूंना जपणारी. फळ्या आकसल्या, फटी रुंदावल्या. २००२ मध्ये नॉक्स-जॉन्स्टननं तिला तिथून बाहेर काढलं. मग पुढे आलं ते खिळ्यांचं दुखणं. सागवानातलं तेल लोखंडाला सांभाळून घेतं, ओकमधलं आम्ल त्याला खातं. मुंबईत सागवानातच बांधलेली ‘ट्रिंकोमली’ ही युद्धनौका १८१७ पासून आजवर तरंगते आहे, त्यामागे हेही एक कारण. तरी चार दशकांचं खारं पाणी खिळ्यांना सोडत नाही. गंजलेला खिळा फुगतो, भोवतालचं लाकूड मऊ करतो आणि त्याच्या शेजारची वात कितीही नीट ठासा, ती टिकत नाही. ते खिळे एकेक करून बदलायचे, एक काढला की त्याच जागी दुसरा, नाहीतर फळीचा बाक सुटतो. हे काम नॉक्स-जॉन्स्टन स्वतःही करत होता. जून २०१८ मध्ये सुहैली पुन्हा फाल्मथच्या पाण्यात होती, निघाल्याला पन्नास वर्षं झाली म्हणून.

त्याच वर्षी तिच्याच आकाराची एक नौका दक्षिण हिंदी महासागरात डोलकाठी गमावून बसली. गोव्यात दिवाडीला बांधलेली, भारतीय दर्यावर्दी अभिलाष टॉमीची ‘थुरिया’. पुढच्या आठवड्यात डोलकाठी आणि तिचे ताणदोर.