पान आहे, पण सर्व्हरला ठाऊक नाही!

एखाद्या संकेतस्थळावर अर्ज भरताना सारे सुरळीत चाललेले असते. मध्येच ‘रिफ्रेश’ची कळ दाबली जाते आणि पडद्यावर ‘४०४ – पान सापडले नाही’ अशी पाटी झळकते. त्या पानाचा पत्ता नातेवाइकाला धाडला, तर त्यालाही हेच उत्तर मिळते. मुख्य पानावरून वाट काढत गेल्यास मात्र तेच पान विनातक्रार उघडते! वापरणारा बिचारा इंटरनेटच्या जोडणीला बोल लावतो. दोष तिचा नसतो.

पूर्वी प्रत्येक पत्त्यामागे सर्व्हरवर एखादी फाइल किंवा प्रोग्राम असे. ‘एकपानी’ अ‍ॅप्लिकेशनमध्ये सर्व्हर आरंभी ‘इंडेक्स’ हे एकच पान आणि जावास्क्रिप्टच्या फाइली पाठवतो. पुढची पाने ब्राउझरमध्येच रचली जातात आणि वरच्या पट्टीतील पत्ताही जावास्क्रिप्टच बदलते. सर्व्हरला याची वार्ताही नसते. रिफ्रेश केल्यावर तो पत्ता प्रथमच त्याच्यापुढे येतो, आणि त्या नावाची फाइल त्याच्याकडे नसते.

यावर एके काळी ‘#’ या चिन्हाचा आडोसा घेतला जाई. कारण त्यापुढचा मजकूर ब्राउझर सर्व्हरकडे पाठवतच नाही. ट्विटरने २०१० मध्ये ‘#!’ असलेले पत्ते आणले खरे, पण पान दिसण्यास लागणाऱ्या विलंबामुळे २०१२ मध्ये ते मागे घेण्यास सुरुवात केली.

आजचा उपाय एका ओळीचा आहे. एन्जिनएक्समध्ये ‘ट्राय_फाइल्स’, तर अपाचेमध्ये ‘फॉलबॅकरिसोर्स’ ही सूचना लिहायची. अर्थ असा, की मागितलेली फाइल असेल तर ती द्यावी, नसेल तर ‘इंडेक्स’ द्यावे. मग योग्य पान कोणते, हे जावास्क्रिप्ट ठरवते.

मात्र ही ओळ सरसकट चिकटवून मोकळे होणाऱ्यांमुळेच पुढचा घोळ होतो. नवी आवृत्ती चढवताना जावास्क्रिप्टच्या फाइलींची नावे सहसा बदलतात आणि जुन्या पुसल्या जातात. ज्याच्या पडद्यावर कालचे पान उघडे आहे, त्याचा ब्राउझर जुनी फाइल मागतो. सर्व्हर ‘नाही’ म्हणण्याऐवजी ‘इंडेक्स’ पुढे करतो, तेही ‘२०० – सर्व ठीक’ अशा शेऱ्यासह! जावास्क्रिप्टच्या जागी एचटीएमएल आल्याने ब्राउझर अडखळतो. पडदा कोरा, आणि अर्धा भरलेला अर्जही बहुधा गेलाच. म्हणून अशा फाइलींच्या फोल्डरसाठी वेगळा नियम लिहून तेथे खरेखुरे ४०४ द्यावे, जुन्या फाइली काही दिवस राहू द्याव्यात आणि ‘इंडेक्स’ पान प्रत्येक वेळी सर्व्हरकडून तपासून घेण्याची सूचना ब्राउझरला द्यावी. माहिती पुरवणाऱ्या ‘एपीआय’चे पत्तेही या सरसकट नियमातून वगळावेत.

एक अडचण तरीही उरते. अस्तित्वात नसलेल्या पत्त्यालाही सर्व्हर ‘सर्व ठीक’ म्हणतो. गुगल याला ‘सॉफ्ट ४०४’ म्हणते. असे पान शोधयादीत येऊ नये, यासाठी जावास्क्रिप्टकरवी त्यावर ‘नोइंडेक्स’ची खूण लावता येते, अथवा खरे ४०४ देणाऱ्या पत्त्याकडे वळवता येते.